न्यू फोल्डरमधली चौथी फाइल

दुपारी चारला कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट उगवते. तपासणी झाली, काही धोका आढळला नाही, असं इंग्रजीत सांगते आणि आपली आपण निघून जाते. दोन वर्षं झाली, या घरात दिवसातून एकदा का होईना माझी विचारपूस करणारं तेवढंच एक आहे. मीही तिला उत्तर देतो. 'बरं झालं बाई,' म्हणतो. कुणी ऐकलं तर म्हणेल म्हातारा कामातून गेला. पण ऐकायला आहे कोण? मुलगी पुण्याला, तिचा संसार तिला. वडीगोद्रीत हायवेच्या कडेला आमचं घर, ट्रकच्या आवाजाने खिडक्या थरथरतात तेवढीच सोबत.

कॉम्प्युटर माझा नव्हेच, आमच्या हिचा. आम्ही दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळ्या शिक्षकांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला तेव्हा दोघांनी शेजारी बसून परीक्षा दिली. ही अभ्यास करून पास झाली आणि मी हिच्याकडे बघून. मराठी टायपिंग तर ही लग्नाआधीच टाइपरायटरवर शिकलेली, त्यामुळे कॉम्प्युटरवरही ती जुन्याच पद्धतीने, जुन्याच अक्षरांत टाइप करायची. की-बोर्डकडे न बघता. मी बघूनही चुकायचो. माझं काम म्हणजे पत्ते खेळणं आणि पेपर वाचणं.

त्या काळी आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांत मिळून एकच पेन ड्राइव्ह फिरायचा. ज्या शाळेची माहिती द्यायची तिने त्यात टाकायची आणि पुढच्या शाळेला द्यायचा. बारा गावचं पाणी प्यालेला तो, त्याच्यातून काय काय आलं म्हणून सांगू! एकदा त्यात 'न्यू फोल्डर' नावाचं काहीतरी होतं. दिसायला साध्या फोल्डरसारखं. मी आपलं दाबलं. झालं, दोन वर्गांचे निकाल आणि हिने दमून दमून टाइप केलेल्या सगळ्या प्रश्नपत्रिका गेल्या. फोल्डर कसला, व्हायरस होता तो. हिने सगळं पुन्हा टाइप केलं आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली ती एकच वाक्य बोलली.

"न्यू फोल्डर नावाचं काही दिसलं, की उघडायचं न्हाई. सरळ उडवायचं."

तेव्हापासून आमच्या घरात ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर आलं. लोक लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, ही त्याच्या जोडीला ते सॉफ्टवेअरही नवं करून घ्यायची. बाहेरचा पेन ड्राइव्ह आला की आधी तपासणी. पाय न धुता घरात यायचं न्हाई म्हणायची तसं. मी हसायचो. तुझा कॉम्प्युटर सोवळ्यात बसलाय म्हणायचो.

मग ती आजारी पडली. दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. त्या वर्षी दोन चकरांच्या मधे जरा बरं वाटलं, की दुपारची ती कॉम्प्युटरपाशी जाऊन बसायची. पाठीला उशी लावून तासभर टाइप करायची. मी चहा घेऊन गेलो की पडद्यावरची खिडकी खाली घालायची. काय करून राह्यली, विचारलं तर म्हणायची, शाळेचं थोडं राह्यलंय. रिटायर होऊन तिला वर्ष उलटलेलं. शाळेचं कसलं राहणार होतं? पण माझ्या टाळक्यात ते आलं नाही. तिचं मन रमतंय ना, मग रमू दे, एवढंच मला कळलं. बोटं दुखतात म्हणून मधेच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. श्रावणात ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आठ दिवसांनी मुलगीही गेली. घर असं गप्प झालं की घड्याळाचा राग यायला लागला. कॉम्प्युटर लावावा तर तो फारच हळू चालायचा. अंबडहून एक दुरुस्तीवाला बोलावला. तो म्हणाला, जुनं सगळं काढून नवीन टाकावं लागेल, तुमच्या फाइली दुसऱ्या बाजूला आहेत त्या राहतील. खास काही लागतं का, मराठीचं वगैरे, असंही त्याने विचारलं. मी म्हणालो, मला काय लागतंय, मी एकटा माणूस. तेव्हा हे वाक्य मला फार खरं वाटलं होतं. जाताना त्याने सुरक्षेचं सॉफ्टवेअर नवं टाकलं आणि त्यातल्या सोयी दाखवल्या. एक सोय अशी, की नको असलेली फाइल नुसती पुसायची नाही, पार भुगा करायचा, पुन्हा कुणाला सापडू नये म्हणून. मला ती फार आवडली.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. हिचे फोटो शोधत होतो. शोधता शोधता एका कोपऱ्यात दिसलं, न्यू फोल्डर.

हात मागे घेतला. मग नव्या सॉफ्टवेअरला तपासायला सांगितलं. ते म्हणालं, धोका नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मी म्हणालो, तुला काय कळतंय, तू काल आलेलं, मी बारा वर्षांपूर्वी हात पोळून घेतलेला माणूस. तरी धीर करून फोल्डर उघडला. आत चार फाइली, नावं नुसती एक, दोन, तीन, चार. शेवटची उघडून पाहिली तर पडदाभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, सगळा गिचमिड काला. एका शब्दाला अर्थ असेल तर शपथ. पक्कं झालं, म्हटलं. हाच तो.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. ती नाही, पण तिचा शब्द मी पाळतोय, असं वाटलं. एक नंबरची फाइल उचलली आणि भुगा करायला दिली. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की ना? ही परत येणार नाही. मी हो म्हणालो. दोन नंबरला विचारलं, हो. तीन नंबरला विचारलं, हो. चार नंबरला मात्र ते म्हणालं की ही फाइल वापरात आहे, जमणार नाही. मी ती उघडी ठेवली होती ना. पण तेव्हा मला वाटलं, हेच मूळ दिसतंय, हटत नाही लेकाचं. उगाच डिवचायला नको म्हणून ती तशीच सोडली. त्या रात्री पुष्कळ दिवसांनी झोप लागली.

पुढे वर्षभर काही झालं नाही. रोज चारला चौकट यायची, धोका नाही म्हणायची, आणि मी तिला 'बरं झालं बाई' म्हणायचो.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायचा होता. निवृत्त माणसाला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आदल्या वर्षी मुलीने मला पुण्याला नेऊन काढून दिला होता, यंदा तिला सवड नव्हती. शहागडला एक बाई टायपिंगचं दुकान चालवतात, तिथे गेलो. त्यांनी माझा अंगठा मशीनवर ठेवला. मशीनला काही केल्या पटेना. जन्मभर खडू धरून बोटं गुळगुळीत झालेली. बाई म्हणाल्या, गुरुजी, बोट जरा पुसून बसा, दहा मिनिटांनी बघू. तेवढ्यात त्यांनी कुणाचा तरी जुना अर्ज उघडला.

पडदाभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस.

मी खुर्चीतून उठलोच. "बाई, हात लावू नका. व्हायरस आलाय तुमच्यात."

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, गुरुजी, हा कशाचा व्हायरस? जुन्या टायपिंगमधलं मराठी आहे. ती अक्षरं या कॉम्प्युटरवर टाकलेली न्हाईत म्हणून असं दिसतंय. थांबा. त्यांनी कुठूनतरी ती जुनी अक्षरं आणून टाकली, सगळा मजकूर निवडला, एक बटण दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो काला सरळ झाला. प्रति, माननीय ग्रामसेवक साहेब. स्वच्छ मराठी.

मी टेबल धरलं. बाईंनी पाणी दिलं तर ते हातात तसंच राह्यलं. मग मी त्यांना विचारलं, की भुगा केलेली फाइल परत येते का. त्यांनी विचारलं, कशाने केला. मी सांगितलं. कुणाच्या फाइली, तेही सांगितलं. बाईंनी की-बोर्ड बाजूला सारला.

"त्याने केला तर न्हाई येत, गुरुजी. ते त्यासाठीच असतंय."

त्यांनी ती जुनी अक्षरं एका पेन ड्राइव्हमध्ये टाकून दिली, काय दाबायचं ते कागदावर लिहून दिलं. घरी गेल्यावर आधी तपासून घ्या हां, म्हणाल्या. अंगठा मग पहिल्या झटक्यात लागला. मी हयात असल्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि जीपमध्ये बसलो. शेजारचा माणूस कापसाचं काहीतरी सांगत होता. मी हो हो म्हणत होतो.

घरी आलो, पेन ड्राइव्ह तपासला. धोका नाही. कागदात बघत बघत बाईंनी सांगितलं तसं केलं. दोनदा चुकलो. मग चौथी फाइल उघडली, सगळं निवडलं, बटण दाबलं.

वर लिहिलेलं होतं, भाग चौथा, कॉम्प्युटर.

'अहो,' असं सुरू होत होतं. 'हिरवी चौकट आली की समजा सगळं बराबर आहे. लाल आली तर घाबरायचं नाही, आधी वाचायचं. तुम्ही आधी दाबता आणि मग वाचता. दिवाळीला सॉफ्टवेअर नवं करून घ्या, केरसुणी आणाल तेव्हा आठवेल. केरसुणी पण आणा. फुकट मिळतंय म्हणून काही उतरवून घेऊ नका. अडलं तर कुणाला तरी विचारा, विचारायला लाजू नका, आता मी नसेन. फोल्डरला नाव द्यायचं राह्यलं, बोटं दुखतात. तुम्हाला सापडेलच.'

मी वाचत होतो आणि मोठ्याने रडत होतो, सांगायला लाज कसली. बारा वर्षं जे सॉफ्टवेअर तिने सांभाळलं, ते रोज चारला मला खरं सांगत होतं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. खाली अजून चार ओळी होत्या.

'स्वयंपाकाचं पहिल्या भागात लिहिलंय, वरणापासून. घरात कुठे काय ठेवलंय ते दुसऱ्या भागात आहे. तिसऱ्या भागात कामाचं काही नाही. ते तोंडाने सांगायचं होतं, जमलं नाही कधी. तो सगळ्यात शेवटी वाचा, निवांत बसून.'

चार वाजले होते. कोपऱ्यात हिरवी चौकट आली, धोका नाही म्हणाली. त्या दिवशी मी तिला उत्तर दिलं नाही. हिच्या खुर्चीला उशी अजून तशीच बांधलेली आहे, तिच्यावर हात ठेवला आणि विचारलं, काय लिहिलं होतंस गं तिसऱ्यात? तेव्हापासून रोज विचारतो.