चहाच्या रांगेतले सेकंद

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी कँटीनमधली चहाची रांग घड्याळ लावून मोजली होती. काउंटरवरच्या शोभाकाकू प्रत्येकाची विचारपूस करायच्या; मला म्हणायच्या, "काय गं, कसा झाला इंटरव्ह्यू?" त्यात दहा-बारा सेकंद जायचे. गप्पा बंद केल्या तर रांग निम्मी होईल, असं मी अहवालात लिहिलं. कँटीनच्या मालकांनी ते मनावर घेतलं.

आज त्याच अहवालावर मला नोकरी लागली. आता दवाखान्यांच्या, बँकांच्या रांगा कमी करायच्या. पण मला चैन पडेना. हे वाचलेले सेकंद जातात कुठे, कोण जाणे. तरी नोकरीची बातमी शोभाकाकूंना सांगायला धावत कँटीनमध्ये गेले. रांग नव्हतीच. काकूंनी मान वर न करता कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "चला, पुढचे."

माझ्या मागे कुणीच नव्हतं.