उंदरांचं झालं, माणसांचं बाकी

कुणी अळंबीचा विषय काढला की सर चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "उंदरांचं झालं, माणसांचं बाकी आहे."

जबलपूरच्या फार्मसी कॉलेजात मी शिकवते, तिथे ते मला सीनियर. मूत्राशयाला रक्त कमी पोचलं की ते हळूहळू निकामी होतं. लघवी धरवत नाही आणि पुरती होतही नाही. झाडाच्या खोडावर उगवणाऱ्या एका औषधी अळंबीच्या अर्काने हे नुकसान टळतं का, ते सर उंदरांवर तपासत होते. उंदरांना गुण दिसला. झालं, अख्खी कॉलनी पुडी मागायला दारात. सर कुणाला दाद देतील तर शपथ.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहा पाजतील, स्कूटरवरून स्टेशनला सोडतील, पण जे द्यायचं नाही ते देवालाही देणार नाहीत.

माझ्या बाबांना हाच त्रास. दर अर्ध्या तासाला उठायचं. फजितीच्या भीतीने त्यांनी आधी लग्नकार्यं सोडली, मग देऊळ, मग फाटकाबाहेर पाऊलच टाकेनात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, तुझ्या सरांची अळंबी येऊ दे. तोवर आधार म्हणून कुंडमच्या जंगलातून बाजारात येणारी पिहरी, म्हणजे भाजीची रानअळंबी, आठवडाभर दोन्ही वेळा खाल्ली. पोट बिघडलं ते वेगळंच.

शेवटी मीच सरांकडे पुडी मागितली. ते नाही म्हणाले. मला असा राग आला! घरच्यासारखे म्हणवता आणि एवढं होत नाही, असं तोंडावर बोलले आणि आठ दिवस अबोला धरला.

नवव्या दिवशी सर आपणहून घरी आले. बाबांनी हात जोडून औषध मागितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"काका, मलाही हेच होऊन राहिलं. तीन वर्षं झाली."

"अच्छा? मग तुम्ही घेत असाल की."

"नाही घेत. माणसाला किती द्यायचं, काय बाधेल, अजून कुणालाच माहीत नाही. मग तुम्हाला कसं देऊ?" आणि उठून म्हणाले, "चलो, माझ्या डॉक्टरकडे जाऊ. दोघं आहोत, आता लाज काहून?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात एक उठला की दुसरा त्याची जागा धरून बसे, आणि दोघं हसत. गोळ्या सुरू झाल्या, पाण्याच्या वेळा ठरल्या. दोन-तीन महिन्यांत बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊ लागले. सरांशी रोज फोन. काय बोलत, ते मला विचारायची सोय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सर हृदयविकाराने अचानक गेले. बाबांना म्हटलं, घाट लांब आहे, इथूनच नमस्कार करा. त्यांनी चपला घातल्या.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर चितेसमोर एक तास गेला, दुसरा गेला. लोक पांगले. निघायचं का, असं मी दोनदा विचारलं.

"तू जा," बाबा म्हणाले. "मी थांबतो त्याच्याजवळ."