जामच्या खड्ड्याची माती

आमच्या कॉलेजातले चिखलमामा कुठलंही पाणी आधी जिभेवर घेत. डबक्याचं असो की नळाचं, बोटाचं टोक बुडवायचं, जिभेला लावायचं आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचा. "गोड." किंवा "खारं." तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. वर्ध्याला आमच्या प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते. सर लोक यंत्र लावून पाण्यातले क्षार मोजत. आकडा येईपर्यंत मामांचा चहा पिऊन झालेला असे.

खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. आम्ही चिखलमामा म्हणायचो, कारण त्यांच्या कपाटात चिखल होता. वाळलेला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेला, डब्यावर गावाचं नाव. तळेगाव, आंजी, जाम. पावसाळ्यात भरणाऱ्या आणि दिवाळीपर्यंत आटणाऱ्या खड्ड्यांच्या तळाची ही माती. तिच्यात उलट्या झिंग्यांची अंडी असत, बारीक वाळूच्या कणाएवढी. पोट वर करून पोहणारा, आरपार दिसणारा, बोटाच्या पेराएवढा हा जीव. पुस्तकात त्याला फेअरी श्रिंप म्हणतात. मामांना ते नाव फार नटवं वाटे.

"पाणी आटलं का झिंगा मरते," ते प्रत्येक नव्या वर्गाला सांगत. "अंडं मरत नाई. ते वाट पाह्यते. अन एकडाव वाळल्याबिगर त्याले जाग येत नाई."

जामचा डबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रस्ता रुंद करताना जामचा तो खड्डा मुरूम टाकून बुजवला गेला होता. यंत्रं यायच्या आदल्या दिवशी मामा रजा टाकून गेले आणि तळाची माती खरवडून घेऊन आले. त्या खड्ड्याचे झिंगे आता या एका डब्यापुरते उरले होते. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मामांनी त्यातलीच अर्धी माती माझ्या हवाली केली. माझ्यात काय पाहिलं, देव जाणे.

मी ती भिजवली. हाताशी बोअरचं पाणी होतं, तेच ओतलं, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून ट्रे कपाटात बंद करून ठेवला. आठ दिवस झाले, दहा झाले, काही हललं नाही. एका खड्ड्याचा अर्धा वंश मी बुडवला होता आणि ते मामांना जाऊन सांगायचं होतं.

मामांनी ट्रेमध्ये बोट बुडवलं. "खारं. अन वरून अंधारात ठेवलं. पोरी, पाऊस आला हे त्याईले कसं समजन?"

मी रडायला लागले तसे ते नरमले. "रडून काऊन राह्यली? मेली नाईत अंडी. तुह्यावर भरोसा नाई ठेवला त्याईनं, इतकंच." मग त्यांनी समजावलं. पावसाचं नवं पाणी गोड असतं, गार असतं, वरून उजेड असतो. या साऱ्या खुणा जुळल्या की अंडं उघडतं. एकही कमी पडली तर ते गप्प बसतं.

ती माती त्यांनी मला निथळून महिनाभर सावलीत वाळवायला लावली. नंतर पावसाळ्यात भरून ठेवलेल्या बाटल्यांतलं पाणी ओतून ट्रे खिडकीत मांडला. तिसऱ्या सकाळी उजेडाच्या बाजूला पांढरे ठिपके झटके देत पोहत होते. मी मामांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले आणि "मोज" म्हणाले.

मोजले, तर अंड्यांच्या मानाने फारच थोडे निघाले होते. बाकीचेही आत्ताच निघावेत म्हणून मी पुन्हा बाटली उचलली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"सगळे संगंच निघाले अन पाणी चार दिवसांत आटलं तर? काही अंडे मांगं राह्यतेच. राहू दे त्याईले."

निवृत्त झाल्यावर मामांनी आंजीला आपल्या वावराच्या कोपऱ्यात खड्डा खणला आणि जामची सगळी माती त्यात पसरली. त्या वर्षी पाऊस तुटक पडला, खड्डा भरलाच नाही. मामा मुळीच खचले नाहीत. "पुढच्या सालाले येजो," मला म्हणाले. पुढचं साल त्यांना मिळालं नाही. हिवाळ्यात ते गेले. मी तोवर स्वतः कॉलेजात शिकवायला लागले होते; त्या बातमीनंतर अनेक दिवस वर्गात नीट शिकवू शकले नाही.

मी पुढच्या श्रावणात आंजीला गेले. मामी वावरात भाजीपाला करतात, बाजारात नेऊन विकतात. तो खड्डा त्यांना फुकट गेलेली जागा वाटे. पाऊस ओसरला की तो बुजवून तिथे सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, लावायचं त्यांनी ठरवलं होतं. भरावाच्या मातीचा ढीगही काठावर तयार होता. मी पाण्याशी जाऊन वाकले.

उन्हात ते पोहत होते. उलटे, संथ, शेकडो. मी मामींना हाक मारली. त्या काठावर उकिडव्या बसल्या.

"हेच होते काय त्या डब्यात?"

"हेच, मामी."

"किती दिवस राह्यतीन?"

"फार तर दिवाळीपर्यंत. मग पाणी आटेल, हे मरतील. अंडी राहतील खाली चिखलात."

मामींनी पदराने तोंड पुसलं. काठावरच्या ढिगाकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"सांभार मी तिकडं विहिरीपाशी लावीन," त्या म्हणाल्या. "इथं कुदळ लागू देत नाई मी."