कादंबरीत गुप्तहेर हवा

"मॅडम, यात गुप्तहेर कुठे आहे?" तुलसी शेठनी प्रिंटआउटचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवत विचारलं.

नाहीये, मी म्हटलं.

"वॉरची स्टोरी, आणि गुप्तहेरच नाही. मग पोरं वाचणार काय?"

उल्हासनगर कॅम्प एकमध्ये शेठचं ऑफिस आहे. वडिलांच्या काळापासून ते गाइडं आणि वर्कबुकं छापतात, म्हणजे मुलं नाइलाजाने उघडतात ती पुस्तकं. मुलं आपण होऊन उघडतील असंही एखादं पुस्तक काढावं, अशी इच्छा त्यांना उतारवयात झाली आणि त्यांनी मला बोलावलं. मी मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. बदलापूरला, कात्रपमध्ये, घरी बसून काम करते. आमच्या सोसायटीत सगळ्यांची समजूत आहे की मी ऱ्हस्व-दीर्घ तपासते. तेही करते. पण खरं काम वेगळं असतं. लेखकाने जे लिहायचं टाळलंय ते शोधून काढायचं, आणि प्रकाशक जे घुसडायला सांगतोय ते टाळायचं.

कादंबरी होती वनिता गायकवाड मॅडमची. मॅडम नगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वडील अंबरनाथच्या फॅक्टरीत कामाला होते, त्यामुळे लहानपण वसाहतीत गेलं. कादंबरीही तिथल्याच एका शाळेची. एकाहत्तरचं युद्ध सुरू आहे, आणि सातवीतल्या कुंदाला त्याचा अतोनात आनंद झालाय. कारण गृहपाठ का केला नाही याला आता वर्गात सगळ्यांकडे एकच उत्तर आहे, बाई, ब्लॅकआउट होता. दुपारचा गृहपाठसुद्धा ब्लॅकआउटमुळेच राहतो. हेडमास्तर मैदानात खंदक खणून घेतात. त्या खंदकात पडून जखमी होणारा युद्धातला एकमेव माणूस म्हणजे हेडमास्तर स्वतः, कारण ते शिट्टी फुंकत उलटे चालत असतात. आणि कुंदा रोज झोपताना प्रार्थना करते की युद्ध निदान गणिताच्या चाचणीपर्यंत तरी टिकू दे.

मी हे वाचताना इतकी हसले होते की नवऱ्याने टीव्ही बंद केला. आमच्या घरी यापेक्षा मोठं परीक्षण मिळत नाही.

पण शेठनी एक सल्लागार नेमले होते. चौधरी सर. निवृत्त शिक्षणाधिकारी. आयुष्यभर शाळा तपासल्या, आता पुस्तकं तपासतात. कुठल्या शाळांनी वाचनालयासाठी काय घ्यावं हे ठरवणाऱ्या मंडळींत त्यांची ऊठबस. सर हो म्हणाले तर पुस्तक शाळांत जाणार, नाही म्हणाले तर शेठच्या गोडाउनमध्ये. त्यामुळे ते बोलत असताना शेठ मान डोलवायचे आणि मी पाणी प्यायचे.

सरांचं म्हणणं असं. हेडमास्तर खंदकात पडता कामा नयेत. पडायचंच असेल तर विद्यार्थ्यांना वाचवताना पडावेत. कुंदाची प्रार्थना काढून टाकावी, देश लढत असताना कुठलंही संस्कारी मूल अशी प्रार्थना करत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'यातून आपण काय शिकलो' अशी चौकट द्यावी. आणि कुंदाने एक गुप्तहेर पकडावा.

शेवटी ते म्हणाले, हल्लीचं वातावरण बघा. ते मी बघतेच. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक युद्ध जिंकलं जातं. पाण्याच्या टँकरचा विषय निघाला की युद्धबंदी होते.

हा निरोप घेऊन मी अंबरनाथला मॅडमच्या घरी गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हेडमास्तर पडले ते अख्ख्या शाळेने पाहिलंय, त्यांना आता कसं उभं करू, असं त्या म्हणाल्या. चौकटी आयुष्यभर फळ्यावर लिहिल्या, पुस्तकात लिहिणार नाही. प्रार्थनाही जाणार नाही. गुप्तहेरावर मात्र त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या आणि म्हणाल्या, "देते."

मला नवल वाटलं. पण मलाही माझी एक तक्रार मांडायची होती, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

माझी तक्रार बेबी भोईरबद्दल होती. बेबी ही कुंदाची मैत्रीण, शेजारच्या गावातली. तिचा मोठा भाऊ पांडू सैन्यात, आणि आघाडीवर. बेबी रोज वर्गात येऊन त्याचा नवा पराक्रम सांगते. माझ्या दादूसनं काल रणगाडा अडवला. माझ्या दादूसनं इमान पाडलं. रोजचा पराक्रम कालच्याहून मोठा. ही पानं कादंबरीतली सगळ्यात मजेदार. पण अर्ध्यानंतर पांडू पुस्तकातून नाहीसा होतो. युद्ध संपतं, गणिताची चाचणी होते, कुंदा नापास होते, पुस्तक संपतं. त्या भावाचं काय झालं, कोणीच सांगत नाही.

"पांडूचं काय झालं, मॅडम?"

"आला की परत."

"मग ते पुस्तकात का नाही?"

"पुस्तक विनोदी आहे ना," त्या म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या.

मोठ्या बाईंना याहून जास्त छेडता येत नाही. निघताना दारात चपला घालताना इतकंच म्हटलं की मी विचारलं नाही तरी मुलं विचारतील, त्यांना कपबशा उचललेल्या कळत नाहीत. मॅडम हसल्या नाहीत.

काही दिवसांनी दोन नवी प्रकरणं मेलवर आली. वरती एक ओळ होती, दुसरं तुम्ही मागितलंत म्हणून. मी दोन्ही शेठना पाठवली. शेठनी सरांना पाठवली. सरांनी ताबडतोब मीटिंग लावायला सांगितलं, आणि मॅडमनाही बोलावलं.

पहिलं प्रकरण गुप्तहेराचं. शाळेत एक अनोळखी गृहस्थ येतो. काळा चष्मा, काखेत डायरी. मुलं किती, पाणी कुठून येतं, मागच्या भिंतीला दार आहे का, असं ज्याला त्याला विचारत फिरतो. कुंदा आणि बेबी त्याला गोड बोलून खेळाच्या साहित्याच्या खोलीत नेतात आणि बाहेरून कडी लावतात. मग हेडमास्तर शिट्टी फुंकत येतात, दार उघडतात आणि पांढरेफटक पडतात. आत लेझीमच्या ढिगावर बसलेले असतात शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर, शाळेच्या अचानक तपासणीला आलेले.

शेठनी वाचताना खोकल्याचं नाटक केलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.  सर चष्मा पुसत म्हणाले की प्रसंग वास्तवाला धरून नाही. अचानक तपासणीला जायचं झालं तरी आम्ही शाळेला नेहमी आधी कळवूनच जायचो.



मग दुसरं प्रकरण. पांडू सुट्टीवर येतो. हेडमास्तर त्याचा शाळेत सत्कार ठेवतात. स्टेज, टेबल, त्यावर पांढरी चादर. सगळी शाळा मैदानात बसलेली, बेबी पहिल्या रांगेत, ताठ. हेडमास्तर भाषण करत असतात, आणि शिपाई रोजच्या सवयीने मागे टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मधल्या सुट्टीचे टोल देतो. पहिल्या टोलाला पांडू टेबलाखाली. इतक्या झटक्यात की हेडमास्तर रिकाम्या खुर्चीकडे हात करून बोलत राहतात. अख्खी शाळा हसते. शिक्षकसुद्धा हसतात. कुंदा तर पोट धरून हसते. टेबलाची चादर थरथरत असते. बेबी उठते, स्टेजवर चढते, चादर उचलते आणि आत जाऊन भावाशेजारी बसते. बाहेर येत नाही. तोवर हसू विरलेलं असतं. हेडमास्तर शिपायाच्या हातातला हातोडा काढून घेतात. त्या दिवशी शाळा घंटेशिवाय सुटते.

एवढंच. चार पानं. त्यात 'दुःख' हा शब्द कुठेही नाही.

सर म्हणाले, अशक्य. भारतीय जवान टेबलाखाली लपलेला दाखवायचा म्हणजे काय. त्यांनी तोडगाही आणला होता. पदक खाली पडलं म्हणून तो उचलायला वाकला, असं करता येईल. मुलं हसणार नाहीत, टाळ्या वाजवतील.

"पदक नव्हतं त्याच्याकडे," मॅडम म्हणाल्या. "शाल आणि नारळ होता."

मग त्यांनी टेबलावरची पानं गोळा करायला सुरुवात केली. आवाज न चढवता म्हणाल्या की पुस्तक राहू दे, नातवंडांना घरीच वाचून दाखवेन.  हे प्रकरण मीच मागितलं होतं, आणि आता त्यापायी अख्खी कादंबरी परत चालली होती.  संपादकाला लिहिलेलं दुरुस्त करता येतं, बोललेलं नाही.

शेठनी हात पुढे करून पानं धरली. मॅडमच्या हातातून काढून घेतली नाहीत, नुसती धरली.

"हमारी अम्मा ऐसेही करती थी," ते म्हणाले. कोणाकडे न बघता, पानांकडे बघत. "कोणी जोरात दार वाजवलं की खाटेखाली. फाळणीत सिंधमधून आली तेव्हा लहान होती. इथे बराकीत आले, शादी झाली, आम्ही झालो, तरी पण. दूधवाला आला तरी." मग थांबून म्हणाले, "आम्ही भावंडं मुद्दाम दार वाजवायचो. हसायला."

सरांनी घड्याळात पाहिलं. शेठनी पानं सारखी करून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "छापो. जैसा है वैसा."

सरांनी शाळांच्या खरेदीची आठवण करून दिली. शेठ म्हणाले, प्रस्तावना तुम्हीच लिहा ना, सर. सर विचार करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रस्तावना आलीसुद्धा, फोटोसकट.

छापण्याआधी आम्ही पुस्तकाची डमी काढतो, म्हणजे चित्रं आणि मजकूर जागच्या जागी लावलेली कच्ची प्रत. ती घेऊन मी आणि मॅडम कात्रपमधल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात गेलो. मॅडमनी वाचून दाखवलं. हेडमास्तर पडले तेव्हा मागच्या बाकावरची मुलं बाकावर हात आपटत होती. इन्स्पेक्टर सापडला तेव्हा वर्गशिक्षिका सगळ्यात जास्त हसल्या. टेबलाच्या पानावरही वर्ग हसला, भरपूर. मग बेबीने चादर उचलली, आणि पंखा वाजतोय हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिने विचारलं, "टेबलाखाली बेबी त्याला काय म्हणाली?"

मॅडमनी डमी मिटली.

"मला ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी हसत होते ना."

त्या मुलीने मान हलवली, पटल्यासारखी, आणि खाली बसली.  परत येताना मॅडम आणि मी रिक्षात पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांविषयी बोललो.

पुस्तक निघालं. शाळांनी घेतलं. प्रकाशन समारंभात चौधरी सरांनी तासभर भाषण केलं. निखळ विनोदाच्या तळाशी करुणा असावी लागते आणि हा आग्रह आपण पहिल्या बैठकीपासून धरला होता, असं त्यांनी सांगितलं. शेठनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. आता शेठना कोविडच्या काळावर एक विनोदी पुस्तक हवंय, लवकर.

पुस्तकावर संपादकाचं नाव छापत नाहीत, ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. पुस्तक फसलं तर मात्र ते नाव सगळ्यांना बरोबर आठवतं. या वेळी कोणालाच आठवलं नाही. म्हणजे काम नीट झालं असावं.