यायच्या बाजूची भिंत

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौसरच्या बाजारात वांगी निवडत होते. फोन पांढुर्ण्याहून, भाऊच्या शेजारणीचा. "बेबीताई, भाऊ खुर्चीतून उठूनच नाही राहिले," ती म्हणाली. मला वाटलं, नेहमीसारखा कामात डोकं घालून बसला असेल आणि हाकेला ओ देत नसेल. "मग हलवा ना त्याला जोरात!" मी खेकसले. पलीकडून तिचा हुंदका आला, तेव्हा मला कळलं. वांगी तशीच टोपलीत टाकून मी बसस्टँडवर आले. पांढुर्ण्यापर्यंतच्या रस्त्यातलं मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की मला त्याचा राग आला होता. काम अर्धवट टाकून उठायची त्याला सवय नव्हती, आणि आता टाकलं तेही नेमकं वहिनीसाठी घेतलेलं काम.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, प्रभाकर. उभा जन्म तहसील कचेरीत गेला. पण त्याचा जीव होता तो एका ड्रिल मशीनमध्ये. घर बांधताना नागपूरहून आणलेली, लोखंडी अंगाची, हातात धरली की खांदा उतरवणारी ती मशीन. गल्लीत कुणाचा पडद्याचा दांडा असो, कुणाच्या देवघराची फळी असो, भाऊ मशीन घेऊन हजर. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा खास सौसरला येऊन त्यानं माझ्या घरात इतक्या खुंट्या ठोकल्या, की माझ्याकडे तेवढे टांगायला कपडेच नाहीत. मी तसं म्हटलं की म्हणायचा, "घेऊन टाक ना मग लुगडे, भिंत तयार आहे." वहिनी सावरगावची. नदीपलीकडची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. तिचं-त्याचं काही बिनसलं की तो म्हणायचा, "तुमच्याकडून आमच्यावर दगडंच येतेत, पोळा असो का नसो." आणि ती हसून, पदर तोंडाला लावून, स्वयंपाकघरात निघून जायची.

तेच स्वयंपाकघर तिच्यासाठी लांब झालं. वहिनीला लकवा मारून गेला, उजवं अंग लुळं पडलं. बोलणं थोडंफार परत आलं, पायातही थोडा जोर आला, पण आधाराशिवाय पाऊल उचलेना. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. तिला चालायचं होतं ते एकाच ठिकाणी, पलंगापासून घरातल्या अरुंद बोळीतून स्वयंपाकघरात, आपल्या हातचा चहा करायला. मग भाऊनं बोळीच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोखंडी पाईप लावला. आधी वहिनीला उभं करून तिच्या डाव्या हाताची उंची मोजली. पाईपला कुठे बोचेल असं काही राहिलं नाही ना, म्हणून त्यावरून स्वतःचा गाल फिरवून पाहिला. डाव्या हातानं पाईप धरून वहिनी पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, त्या दिवशी मी तिथं होते. ती दारात थांबली, वळली... आणि पंचाईत झाली. वळल्यावर पाईप उजवीकडे आला, आणि उजवा हात तर निकामी. डाव्या हाताला नुसती कोरी भिंत. भाऊ पुढे झाला, आपला हात तिच्या डाव्या हाताखाली दिला आणि तिला हळूहळू पलंगापर्यंत घेऊन आला.

"दुसऱ्या भिंतीलाही लावून टाक ना पाईप," मी म्हणाले.

"कायले? जायले पाईप आहे, यायले मी आहो ना."

तेच रोजचं होऊन बसलं. वहिनी एकटी जायची, चहा टाकायची, डाव्या हातानं अर्धा सांडायची. मग दोघं चहा प्यायचे, आणि परत येताना ती भाऊच्या हातावर. खरं सांगते, वहिनीला तो चहा आवडायचा की ते परत येणं, हे मला कधीच कळलं नाही. पण मी शिक्षकीण. एक गोष्ट डोक्यात बसली की ती समोरच्याच्या डोक्यात उतरवल्याशिवाय राहत नाही. जाईन तेव्हा मी त्या कोऱ्या भिंतीचा विषय काढायचे. शेवटी एकदा भाऊलाच अंगणात चक्कर आली, संत्र्याच्या झाडाला धरून तो कसाबसा उभा राहिला, आणि त्यानंतर काही न बोलता त्यानं यायच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या.

मध्येच दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते, त्या दिवशी अवजाराला काम लावत नाहीत. भाऊच्या घरी विळी, कुदळ, शिलाई मशीन आणि ड्रिल एका ओळीत पाटावर मांडायची पद्धत होती. कुंकू तुपात कालवून प्रत्येकावर स्वस्तिक काढायचं काम वहिनीचं. त्या वर्षीही तीच काढीन म्हणाली. डाव्या हाताचा धक्का लागून वाटी कलंडली, आणि तुपातलं कुंकू मशीनच्या जाळीतून आत गेलं. भाऊनं वरून पुसून घेतलं, नारळ फोडला. त्यानंतर मशीन लावली की जाळीतून निळ्या ठिणग्या उडायच्या, जळका वास यायचा, आणि एका फुलीचं भोक अर्धं पडलं असताना ती बंदच पडली.

मी त्याला शेवटची भेटले ती याच भानगडीत. ओसरीवर खुर्चीपुढे वर्तमानपत्र पसरून तो बसला होता, समोर उघडी मशीन. मोटरच्या दोन बाजूंना दोन काळी टोपणं असतात, ती स्क्रूड्रायव्हरनं काढली की आतून स्प्रिंगसकट कार्बन बाहेर येतात. पेपरमिंटच्या गोळीएवढे दोन काळे चौकोनी तुकडे. फिरत्या मोटरवर सतत घासत राहून तिला वीज पोचवायची, एवढंच त्यांचं काम, आणि त्यातच ते झिजून जातात. त्यानं जुने मला तळहातावर दाखवले. एक सरळ झिजलेला, दुसरा तिरपा, कड जळून तुटलेली. "तुपानं खाचेत चिटकला हा. मागून स्प्रिंग ढकलून राहिली, पण पुढे सरकेच ना," तो हळूच म्हणाला. मग आत, वहिनीच्या पलंगाकडे पाहून आणखी हळू, "तिले नको सांगू. मी म्हटलं, जुने होते, घिसले."

त्या जुन्या मशीनचे कार्बन पांढुर्ण्यात कुठे मिळेनात. दुकानदार म्हणे, काका, नवी मशीन घ्या. भाऊ कसला घेतोय! त्यानं मोठ्या मापाची जोडी आणली होती आणि पॉलिशपेपरवर घासून घासून ती खाचेच्या मापाला उतरवत होता. एक झाला होता. मी म्हटलं, "मग तोच बसव ना, तिरपा गेला त्याच्या जागी. भोकं तरी पडतील."

"जोडीनंच बदलाव लागते, बेबी. एक नवा अन् एक जुना लावला, का दोन्ही वाया जातेत."

मी निघाले तेव्हा तो दुसरा घासत होता. बोटं काळी, नाकावर काळा डाग, आणि आतून वहिनी विचारत होती, "झाली का?" तो म्हणाला, "होऊन राहिली." हे मी ऐकलेलं त्याचं शेवटचं बोलणं. खुर्चीतून तो उठला नाही त्या दिवशी त्याच्या पुढ्यात तेच वर्तमानपत्र होतं.

दिवसकार्य झालं. पुण्याहून आलेला माझा भाचा, भाऊचा मुलगा निखिल, बाकी सगळं आवरून झाल्यावर माझ्याजवळ बसला. आईला एकटीला इथं कसं ठेवू, हा त्याचा प्रश्न होता आणि तो बरोबरच होता. वहिनीला घर सोडायचं नव्हतं. "इथंच," एवढंच ती म्हणायची. शेजारीण डबा द्यायला, रात्री सोबतीला यायला तयार होती. निखिल म्हणाला, "आत्या, आई स्वयंपाकघरापर्यंत एकटी जाऊन एकटी परत येत असेल, तर मी तिला राहू देईन. नाहीतर मला न्यावंच लागेल." त्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते त्या कोऱ्या भिंतीवर.

निखिल नवी मशीन आणायला निघाला होता. मी आणू दिली नाही. भाऊचा अर्धा घासलेला कार्बन मी पुरा केला. हात अजून काळे आहेत माझे, नखांत बसलेलं निघत नाही. खाचेतलं वाळलेलं पिवळट-लाल तूप काडीला चिंधी गुंडाळून, रॉकेल लावून पुसलं. पुसताना रडले, लपवत नाही. दोन्ही कार्बन सरळ सरकतात ना हे पाहून स्प्रिंग दाबली, टोपणं आवळली. नवा कार्बन सपाट असतो आणि मोटर गोल, म्हणून आधी मशीन रिकामीच चालवायची, त्याला घासून बसू द्यायचं, हे मला भाऊला पाहून पाहून ठाऊक होतं. मी ती हातात धरून तशीच चालू ठेवली. आधी बारीक ठिणग्या, मग त्याही गेल्या, आवाज एकसारखा झाला. खोलीत पलंगावर वहिनी उठून बसली होती. तिला सगळं माहीत होतं... मशीन भाऊ नाही, मी चालवतेय तेही.

निखिलनं फुल्यांवर भोकं पाडली, पाईप लावला. मी गाल फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठली. डावा हात जायच्या पाईपवर ठेवून, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात पोचली. चहा टाकला नाही. ओट्याजवळ जरा वेळ उभी राहिली आणि वळली. नवा पाईप आता तिच्या डाव्या हाताशी होता. बोळीच्या या टोकाला आम्ही दोघं उभे होतो. तिनं डावा हात उचलला. पण पाईपकडे नेला नाही. समोर, हवेत धरला. भाऊचा हात जिथे असायचा तिथे, आणि तशीच उभी राहिली.

"आई, पाईप धर ना. बाजूलाच आहे," निखिल म्हणाला.

ती हलली नाही. मी म्हणाले, "वहिनी, या. भाऊनं तुमच्यासाठीच मापं घेतली होती."

"मले नाही यायचं," वहिनी म्हणाली. लकव्यानंतर इतकं स्वच्छ ती कधी बोलली नव्हती.

निखिल गेला आणि तिला उचलून घेऊन आला.

आता ती पुण्यात आहे. तिथं ती चालत नाही, चालायला सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून निजते, असं निखिल फोनवर सांगतो. घराची किल्ली माझ्याकडे आहे. अधूनमधून बसनं जाते, झाडून घेते. बोळीतला जायच्या बाजूचा पाईप तिच्या हातानं गुळगुळीत झालाय. यायच्या बाजूच्या पाईपवर धूळ बसते. तेवढी मी पुसते आणि कुलूप लावून बसस्टँडवर येते.