खेळाच्या बाईंचा व्यायाम

माझी वहिनी शाळेत खेळ शिकवते. बाळंतपणानंतर ती कामावर रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात, मुलींना दोरीवरच्या उड्या दाखवताना नकळत लघवी होऊन तिचे कपडे ओले झाले. तिने दोरी टाकली, पाण्याची बाटली उचलली आणि सरळ अंगावर उपडी केली. "काय उकडतंय आज," म्हणाली. मुलींना वाटलं, बाईंची गंमत.

तेव्हापासून ती नुसती शिट्टी वाजवायची. शिंक आली तरी पायावर पाय आवळून उभी. आईला कळलं तेव्हा आई म्हणाली, "मूल झालं की असं होतंच गं. कुणी बोलत नाही एवढंच."

"मग मी बोलते," म्हणत वहिनी फिजिओथेरपिस्टकडे गेली.

त्यांनी तपासून सांगितलं, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेत. लघवी रोखताना जे आवळतो, तेच हळूच आत ओढायचे, मग सैल सोडायचे. वहिनी पडली खेळाची बाई. तिने धडाकाच लावला. भाजी चिरताना, बाळाला पाजताना, बघावं तेव्हा हिचं आवळणं चालूच. फरक पडायचं राहिलं बाजूला, ओटीपोटच दुखायला लागलं.

"आवळता छान, पण सोडतच नाही तुम्ही," फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. "आणि श्वास कशाला कोंडता? इथे पदक नाहीये."

त्या दिवशी मी माहेरी होते. वहिनी गुडघे उभे करून सतरंजीवर पडली होती, शांतपणे श्वास सोडत. आई दारात घुटमळली, मग येऊन तिच्या शेजारी आडवी झाली.

"मलाही सांग," छताकडे बघत म्हणाली. "तुझी नणंद झाली तेव्हापासून मला आहे हे."

नणंद म्हणजे मी. आई लांबच्या प्रवासाला कायम नको म्हणायची. तिला गाडी लागते, असंच आम्ही धरून चाललो होतो.

वहिनीने तिचा हात हातात घेतला. "आई, आधी श्वास सोडा. खांदे कशाला वर घेतलेत?"

वहिनीला बरं व्हायला बरेच महिने लागले. आता ती मुलींबरोबर धावते. जोराची सर्दी झाली तर कधीतरी फजिती होते, तीही रंगवून सांगते. आईचा त्रास पूर्ण गेला नाही, पण पुष्कळ कमी झाला. परवा ती बसने मावशीकडे निघाली. वहिनीने तिच्या पिशवीत कपड्यांचा जादा जोड ठेवला. आईने तो बाहेर काढला, जरा विचार केला आणि परत आत सरकवला.

"असू दे," म्हणाली, आणि चप्पल घालायला लागली.