कारळाएवढी शांतता

वीज शुद्ध नाही म्हणून भरल्या ताटावरून उठणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. नात्याने ते माझे दाजी. चौसाळ्याला हायवेला लागून त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागे घर. टीव्ही, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, लग्नातले भोंगे, जे बिघडेल ते त्यांच्या टेबलावर येतं आणि बहुतेक वेळा बरं होऊन जातं. पण दाजींचा जीव यातल्या कशातच नाही. तो आहे रेग्युलेटर नावाच्या तीन पायांच्या काळ्या ठिपक्यात. आत वीज कमी-जास्त कशीही येवो, बाहेर ठरलेलीच सोडायची, एवढंच त्या बापड्याचं काम. जगातले बाकीचे लोक तो बसवतात आणि विसरतात. दाजी तो आधी ऐकतात.

रेग्युलेटर ऐकतात म्हणजे काय, हे मला समजायला दोन वर्षं लागली. मी बीडला कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे माझं अज्ञान दाजींनी मोठ्या मनाने गृहीत धरलं होतं. एकदा त्यांनी मला माजलगावच्या कालव्यावरून समजावलं. "कालव्याला पाणी किती आलं, हे समदे पाहतात. पण आलेलं पाणी हालतंय किती, हे कोण पाहतं? पाच व्होल्ट म्हंजे पाच व्होल्ट न्हाई, मेव्हणे. त्याच्यावर बारीक लाटा असत्यात. त्या कानाला लागत्यात." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि विचारलं, काय ऐकू येतं? मी म्हटलं, काहीच नाही. दाजींचा चेहरा असा फुलला की अक्काने न सांगता मला दुसरा चहा आणून दिला. माझ्यानंतर स्टार्टर घेऊन आलेल्या एका पाटलांनाही तोच हेडफोन चढवला गेला. त्यांनी प्रामाणिकपणे "जरा सूं होतंय बे" असं सांगितलं, तर त्यांचा स्टार्टर आठ दिवस तसाच पडून राहिला.

या ऐकण्यासाठी घरात एक कायदा होता. दाजींचा उजवा हात वर गेला, की जो जिथे असेल त्याने तिथे गप्प व्हायचं. अक्का कुकर उतरवायची, पंखा बंद व्हायचा, गिऱ्हाईक हातातला फोन खिशात ठेवायचं. कुणी शिंकलं तर दाजी त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, नुसता हात आणखी थोडा वर न्यायचे. सगळा गाव दुपारी लाइट गेली की वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. दाजी मात्र लाइट जायची वाट बघत बसतात, कारण तेवढ्या वेळात आजूबाजूच्या मोटारी, फ्रिज आणि गिरणी बंद असते आणि त्यांना बॅटरीवर आपला रेग्युलेटर निवांत ऐकता येतो. लाइट लवकर आली तर चिडणारा माणूसही मी हाच एक पाहिला.

माणसंसुद्धा ते याच मापाने मोजायचे. आमच्या भाचीला एक स्थळ आलं होतं. मुलगा बघून दाजी परतले आणि म्हणाले, "पोरगं स्विचिंग हाय. काम लई करतं, तापत न्हाई, पण आतून बारीक करकर सोडीत न्हाई. लिनियर बघा. थोडं तापंल, पण आवाज करनार न्हाई." दोन तऱ्हेच्या रेग्युलेटरांबद्दल हे वाक्य अक्षरशः खरं आहे, असं मला नंतर विज्ञानाच्या प्राध्यापकांनी सांगितलं. अक्का त्या वेळी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "लिनियर कसा असतो ते मला कोनी शिकवू नका. पंचवीस वर्षं तापलेलाच पाहते हाय. काम किती होतं ते मलाच ठाव." ते स्थळ मोडलं, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं वेड होतं, पण उगाच नव्हतं. दाजींच्या आईला, मायला, दहा-बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. विकतचं यंत्र आणलं होतं. माय ते दोन दिवस लावून बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने ते पानाच्या डब्यात, चुन्याच्या शेजारी ठेवून दिलं. म्हणाली, "कानात सारखं आधन ठिवल्यावानी वाजतंय. त्यापरीस बहिरी बरी." तेव्हापासून घरातले सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे, आणि दाजी तर जवळजवळ बोलायचेच नाहीत. एकदा दुकानाच्या पायरीवर बसलो असताना मी त्यांना कारण विचारलं. रस्त्यावरचे ट्रक बघत ते म्हणाले, "मला साखर निघाली तवा मायला सांगायचं होतं. पर सांगायचं म्हंजे वरडावं लागतं, अन् वरडलं की आख्ख्या चौसाळ्याला कळतं. काही गोष्टी वरडून सांगता येत न्हाईत, मेव्हणे. बारा वर्षांच्या तशाच पडल्यात."  एवढं बोलून ते उठले आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसले.

तर मायसाठी यंत्र करायचं होतं: एक छोटी डबी, तिच्यात माइक, कानाला हेडफोन, आणि आधणाचा आवाज अजिबात नको. माइकचा आवाज शंभरपट मोठा करायचा म्हणजे विजेतली करकरही शंभरपट मोठी होते, आणि म्हणून सगळी मदार रेग्युलेटरवर. पहिल्या डबीत दाजींनी स्विचिंगवालं तयार सर्किट घातलं आणि स्वतःच ऐकून दहा मिनिटांत उचकटून टाकलं. दुसऱ्या डबीत जुना, भरवशाचा लिनियर घातला. तो शांत होता, पण त्याला आत थोडी जास्तच वीज लागायची, म्हणून दोन मोठे सेल घालावे लागले. माय ते वजन गळ्यात घेऊन म्हणाली, "मला घंटा कावून बांधतोस रे? मी काय बैल हाय?" मग तिसऱ्या डबीसाठी अगदी कमी आवाजाचा, एकाच सेलवर चालणारा रेग्युलेटर शोधायचं ठरलं, आणि माझे हाल सुरू झाले.

मागवलेले सुटे भाग माझ्या बीडच्या पत्त्यावर यायचे आणि दर रविवारी एसटीने मी ते चौसाळ्याला न्यायचो. सोबत त्या भागांच्या माहितीची झेरॉक्स. दाजी आंघोळ करून, चष्मा पुसून ती पानं वाचायला बसायचे, आणि कुठल्याशा आलेखावर बोट ठेवून "काय मानूस हाय" असं रेग्युलेटरला म्हणायचे. एका खेपेला मांडीवर जपून आणलेला तो महागुणी रेग्युलेटर त्यांच्या चिमट्यातून निसटला आणि अक्का चटणीसाठी निवडत बसलेल्या कारळांत पडला. तो काळा, कारळं काळी, आणि दोघांचा आकारही जवळपास सारखाच. सगळं घर दुपारभर परातीवर वाकून बसलं, पण तो काही मिळाला नाही. त्या महिन्यात मला अक्काने चटणीचा डबा दिला, तो मी फार सावकाश चावून संपवला.

शेवटी तसाच दुसरा रेग्युलेटर मागवून तिसरी डबी झाली. टेबलावर ती इतकी शांत होती, की मला वाटलं आपणच बहिरे झालो. मायच्या पदराला ती टाचली आणि माय दोन पावलं चालली तर तिच्या कानात धप, धप. झालं असं, की रेग्युलेटर शांत राहावा म्हणून त्याच्या पायाशी लावलेला चिनी मातीचा छोटा कपॅसिटर नुसत्या हादऱ्यानेच वीज करत होता. दाजी हे कळल्यावर चिडले नाहीत. "शांत करायला ठिवला, तोच बोलायला लागला," एवढंच म्हणाले, आणि मला दुसऱ्या तऱ्हेचा कपॅसिटर आणायला सांगितला.

तो घेऊन मी गेलो त्या दुपारी नेमकी लाइट गेलेली होती. दाजींनी तो जोडला, डबी मायच्या पदराला टाचली, हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवरून नीट बसवला, बटण दाबलं आणि त्यांचा उजवा हात वर गेला. आम्ही सगळे गप्प. अक्काने तोंडाला पदर लावला.  माय आमच्याकडे एकेक करून बघत राहिली आणि हेडफोन कानावरून सरकवून म्हणाली, "बंद हाय."

दाजींनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. सगळं ठीक होतं. पुन्हा मायला लावला, पुन्हा हात वर. माय थोडा वेळ बसली, मग तिनेच हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. "काईच न्हाई रे. ऱ्हाऊ दे आता. माझे कान गेले त्याला तू काय करशील?" दाजींच्या तोंडावरचा रंग उतरला. एवढा हरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता, आणि खरं सांगतो, मला तिथे उभं राहवेना. तरी त्यांनी तो तिसऱ्यांदा लावला, आणि सवयीने हात वर केलाच. त्या वेळी डोळे पुसायला अक्काने हात उचलला आणि तिच्या बांगड्या वाजल्या. माय वळून तिच्याकडे बघायला लागली.

"आवो," अक्का म्हणाली, "हात खाली घ्या तो. कोनीच बोलंना, तर आत्याबाईंना ऐकू काय येईल?"

बारा वर्षं शांतता शोधणाऱ्या माणसाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. आणि आम्हीही सगळे त्यांच्या तालमीत तयार झालेले. दाजींनी हात खाली घेतला, पण बोलायची वेळ आली तेव्हा जुनी सवय आडवी आली आणि बारा वर्षं घरातले सगळे ओरडत, तसेच तेही ओरडले. मायने दोन्ही हात कानांवर नेले. "वरडू नको रे, मेल्या."

मग ते खाली, तिच्या पायाशी बसले. अगदी हळू म्हणाले, "माय, च्या घेतीस का?"

माय त्यांच्याकडे बघतच राहिली.  त्यांच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "तुझा आवाज म्हातारा झाला रे, लेका."

अक्काने मला खुणेने बाहेर बोलावलं. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. लाइट आली, गिरणी सुरू झाली, तरी दाजी बाहेर आले नाहीत. बारा वर्षांचं काय काय त्यांनी मायला सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही. आम्ही दाराच्या अगदी जवळ बसलो होतो, पण आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.